पिंजऱ्यातला ह्यांचा आवाज

४ मार्च

भावजींचा फोन! अकरा वर्षांनी. "वहिनी, तेवीसला येऊ का? दोघं येतो." मी हो म्हणून बसले. फोन ठेवला, तोच पाठीमागून पोपट ओरडला, अगदी ह्यांच्या आवाजात — "आला बायल्या! आला, आला!"

मी धावत जाऊन पिंजऱ्यावर चादर टाकली.

५ मार्च

हा शब्द ह्यांनीच त्याला शिकवला. भावजींनी लग्नाला नकार दिला, मित्राबरोबर राहायला लागले, तेव्हापासूनचा खेळ. धाकटा भाऊ दारात दिसला की पोपटाने ओरडायचं आणि ह्यांनी मांडीवर थाप मारून हसायचं. एक दिवस भावजी उंबऱ्यावरूनच परत फिरले. ह्यांच्या मयताला आले, तेव्हाही फाटकाबाहेरच उभे राहिले.

मी काय करत होते तेव्हा? भांडी विसळत होते. नळ मोठा सोडायचे.

हे जाऊन चौदा महिने झाले. फोटो बोलत नाही. पोपट बोलतो — ह्यांचा खोकला, "चहा टाक गं," आणि तो शब्द. देऊन टाकू कुणाला? मग घरात ह्यांचं काय उरेल?

८ मार्च

इस्पितळाच्या शिवणखोलीत चादरींना टीप घालताना शेजारच्या मशीनवालीला सांगितलं. हसून लोळायची बाकी राहिली. "अगं, ह्यालाच म्हणतात पोपट होणं!" मग आवाज खाली आणून — "पण दीर तुझा तसलाच ना?"

तसला. मीही आजवर हेच म्हणत आले. शिवी नाही म्हणून बरा वाटायचा. आज दुसऱ्याच्या तोंडून ऐकला आणि कळलं — नाव घ्यायचीही किळस असली की माणूस असं बोलतो.

९ मार्च

वाचनालयात गेले. चौथीत शाळा सुटली, पुढचं सगळं वाचून वाचून शिकले. शब्दाला कधी भ्यायले नाही. आज भ्यायले. एका जुन्या कोशात पाहिलं — विकृती, दुर्गुण, असंच सगळं! शेवटी ग्रंथपालबाईंना चिठ्ठीवर लिहून विचारलं. त्यांनी ती मोठ्याने वाचली! मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण म्हणाल्या सरळ — "समलिंगी म्हणा. गे म्हणतात. बाई असेल तर लेस्बियन. बाकीचे शब्द हिणवायला केलेत. आणि कुजबुजू नका हो, आजाराचं नाव नाही ते."

समोरच्या टेबलावरचे आजोबा वर्तमानपत्राआड गेले.

१३ मार्च

रोज सकाळी पेरूची फोड घेऊन पिंजऱ्यापुढे बसते. "या भावजी, या. या भावजी, या." पन्नास वेळा! मान वाकडी करून ऐकतो, फोड फस्त करतो, ह्यांच्यासारखा खोकतो. आणि मग — बायल्या!

माझा तोल गेला. "बायल्या म्हणायचं नाही! कळलं? बायल्या नाही!" शेजारीण जिन्यातून डोकावून गेली.

१६ मार्च

पुन्हा तेच. फोड, शिकवणी, आरडाओरडा. घसा बसलाय. सात दिवस उरले.

१८ मार्च

धीर करून भावजींना फोन लावला. विचारलं, तुमच्या मित्रांना काय म्हणू? दीर, जाऊ, नणंद — ही नाती मला कळतात, ह्याला काय म्हणायचं? ते केवढ्यांदा हसले! "वहिनी, जाऊबाई म्हणू नका म्हणजे मिळवली! जोडीदार आहे माझा. भावजीच म्हणा त्यालाही."

मग थांबून — "पोपट आहे का अजून?"

आहे, म्हटलं.

"दादाच्याच आवाजात बोलतो?"

हो, म्हटलं.

२१ मार्च

तीन दिवस पोपट मुका! खोकला नाही, चहा नाही, काही नाही. मशीनवाली म्हणते, सुटलीस. मी मात्र पिंजऱ्यापुढून हलत नाही. ह्यांचा आवाज मीच ओरडून घालवला की काय?

२३ मार्च

आले दोघं. दार उघडलं आणि पोपटाला कंठ फुटला. "बायल्या! बायल्या!" — खणखणीत.

ह्यांचा आवाज नव्हता. माझा होता.

भावजींनी पिंजऱ्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं.