मिस गोहने न घेतलेले लाडू

सिंगापूर, १६ जानेवारी २०२६

प्रिय प्रणिताताई,

इतके महिने काहीच कळवलं नाही, माफ कर. माझी नोकरी गेली आहे.

सरकारी मदत चालू राहावी म्हणून दर महिन्याला एका ऑफिसात भेटायला जावं लागतं. काल तिथली अधिकारी मिस गोह हिने विचारलं, "मदत करू शकेल असं घरचं कोणी?" मी म्हणालो, "कोणी नाही." निघताना संक्रांत म्हणून तू पाठवलेल्या तिळाच्या लाडवांचा डबा तिच्यापुढे धरला. ही लाच वाटेल, हे डबा उघडल्यावर माझ्या लक्षात आलं.

"कान्ट, लाह. आम्हाला काही घेता येत नाही," ती इथल्या खास इंग्रजी ढंगात हसून म्हणाली. "घरी केलेत?"

"पुण्याहून बहिणीने पाठवलेत."

तिने स्क्रीनवरचं माझं उत्तर पुन्हा पाहिलं. "बहीण आहे तर. तिला माहीत आहे?"

मी डब्याचं झाकण लावलं.

"पुढच्या भेटीत परत विचारीन हं."

तुझ्यावर भार नको म्हणून तसं म्हणालो, असं परतताना स्वतःला समजावलं. ते पुरतं खरं नाही. तू सगळ्यांना माझं कौतुक सांगतेस, ते मला थांबू द्यायचं नव्हतं.

तुझा धाकटा,
रुचिर

उद्या: हे पत्र न पाठवता ताईला फोन करणे.