आधी तोंडावर वाचायचं

५ फेब्रुवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचा पाय प्लास्टरमध्ये, तुम्ही आमच्या घरात आणि मी तुमच्या साप्ताहिकाच्या खुर्चीत. ही अदलाबदल आईच्या चांगलीच पथ्यावर पडली असणार, कारण तुम्ही निदान जेवताना तरी भांडत नाही.

तुमची खुर्ची मागे झुकते हे सांगायला तुम्ही सोयीस्कर विसरलात. पहिल्या दिवशी मी मुख्य संपादकाच्या ऐटीत रेललो आणि दुसऱ्या क्षणी पाय वर, डोकं खाली. सहसंपादक काकांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, की ही खुर्ची प्रत्येकाला एकदा पाडते, तुमच्या मामांना तर भर बैठकीत पाडलं होतं.

तुमचा नियम पाळला. बस आगाराच्या व्यवस्थापकाविरुद्ध लेख होता, म्हणून छापण्याआधी त्याच्या समोर बसून अक्षर न् अक्षर वाचला. फक्त आवाज जरा चढला. फलाटावरचे प्रवासी खिडकीशी जमले आणि दोघांनी टाळ्या वाजवल्या. व्यवस्थापकाने मला पाणी दिलं, घाम पुसायला रुमाल दिला आणि म्हणाला, की सगळं खरं आहे, पण शेवटची बस त्याने बंद केलेली नाही, ती मुळात कधी नव्हतीच. ते वाक्य काढलं. काका सांगतात की या नियमाचा उपयोग असा असतो. मला मात्र अजून वाटतं, की ज्याला झोडपायचं त्याची परवानगी कसली घ्यायची?

बाबा काय म्हणतात? मी प्राचार्यांशी भांडून कॉलेज सोडलं त्या दिवसापासून त्यांनी मला एक ओळ लिहिलेली नाही.

लोभ आहेच, तो पाय बरा झाल्यावरही तसाच ठेवावा.

आपला,
तोफखाना

१२ फेब्रुवारी

चि. तोफखान्यास,
अनेक आशीर्वाद.

अरे गाढवा, परवानगी कोण मागतंय? आपण वाचायचं, त्याने ऐकायचं, मग छापायचं. वाचताना जे वाक्य घशात अडकतं ते एक तर खोटं असतं, नाहीतर उगाच खोचक. कागदावर ते अडकत नाही, म्हणून तर हा उपद्व्याप. आणि आवाज खाली ठेव. तू लेख वाचायला जातोस, लढाईला नाही.

तुझ्या बाबांचं म्हणशील, तर ते तुझं नाव घेत नाहीत. नुसतं ‘त्या साप्ताहिकात’ काय आलंय एवढं विचारतात. कॉलेजात त्यांनी चौकशी करून ठेवली आहे. जूनपासून तुला परत घ्यायला कॉलेजवाले तयार आहेत म्हणे, माफी मागितलीस तर.

तुझी आई, म्हणजे आमची ताई, मला दिवसातून चारदा विचारते, पाय कसा आहे. मी चारदा सांगतो, जिथे होता तिथेच आहे.

सगळ्यांना माझी आठवण सांग, खुर्चीला विशेष.

तुझा,
लंगडा मामा

२४ फेब्रुवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

एक खासगी आहे. आईला वाचून दाखवू नका.

जुने अंक बघायला सार्वजनिक वाचनालयात गेलो होतो. पायरीवर एक जण सायकल आडवी लावून उभा होता, त्याच्याशी माझं वाजलं. तेवढ्यात आतून एक मुलगी आली आणि तिने ओठांवर बोट ठेवलं. बस, एवढंच. मी गप्प झालो. मामा, मी! नुसता गप्प नाही, त्यानंतर जे काही बोललो ते कुजबुजत. रस्त्यावर कुजबुजलो, चहावाल्याशी कुजबुजलो, ऑफिसात येऊनही कुजबुजत होतो. काकांना वाटलं घसा बसला, त्यांनी मिठाचं कोमट पाणी आणून दिलं.

ती तिथली ग्रंथपाल आहे. नवीन प्रमुख. पुस्तक देताना आधी त्याची धूळ पुसते आणि मग माणसाकडे बघते. तिच्या डोळ्यांबद्दल लिहायचं म्हणजे हे पान पुरणार नाही. गेल्या आठवड्यात मी बागकाम, ग्रहणं आणि घोड्यांचे आजार या विषयांवरची पुस्तकं नेली. झोप नाही, भूक नाही. काका म्हणतात, घोड्यांचा आजार मलाच झालाय.

आता अडचण. वाचनालयाचं छत गळतं, म्हणून वाचनखोलीला कुलूप आहे आणि म्हातारी मंडळी पायरीवर बसून वर्तमानपत्रं वाचतात. काकांनी त्यावर खणखणीत लेख लिहिलाय. त्यात बाईंनाच दोषी धरलंय. कानटोपी घातलेले एक आजोबा रोज सकाळी ऑफिसात येऊन विचारतात, वाचनालयाचं कधी छापताय. मी त्यांना चहा पाजून वाटेला लावतो. मी विचारपूर्वक ठरवलंय की विषय तितकासा महत्त्वाचा नाही. शिवाय जागाही नसते. लेख माझ्या ड्रॉवरमध्ये सुरक्षित आहे.

तिने काल मला चौथं पुस्तक दिलं. नुसतं दिलं. हसली नाही. हे चांगलं लक्षण की वाईट?

तुमच्या सल्ल्याची वाट पाहणारा आणि तो न ऐकणारा,
तोफखाना

३ मार्च

चि. तोफखान्यास,
अनेक आशीर्वाद, आणि त्याहून अधिक कानउघाडणी.

तुझं खासगी पत्र तुझ्या आईने मोठ्याने वाचलं, कारण माझा चष्मा बादलीत पडला होता. तिला मुलीची उंची हवी आहे. बाबांनी काही ऐकलं नाही असं दाखवलं, पण रेडिओ बारीक केला.

आता ऐक. परवा ताई शब्दकोडं सोडवायला बसली आणि बघता बघता संपवून मोकळी झाली. घरभर नाचली, की म्हणे आता बुद्धी तेज झाली. मी अंक ओढून घेतला. पान तीनवर मागच्या आठवड्याचंच कोडं होतं! अख्ख्या अर्ध्या पानात. म्हणजे काहीतरी ऐन वेळी काढलंस आणि भोक बुजवायला हाताला लागेल ते कोंबलंस. ताईला मी काही सांगितलं नाही, तिचा आनंद कशाला घालवू. पण मला तुझा ड्रॉवर इथून दिसतो.

त्या खुर्चीत बसून कुणालाही झोडपता येतं. ते तुला जन्मापासून येतं. एखादा लेख ड्रॉवरमध्ये सारायला मात्र एक बोट पुरतं आणि ते कुणाला दिसत नाही. म्हणून मुख्य संपादकाने जपायचं ते हेच बोट. शत्रूचा लेख छापायला कुठलाही रागीट पोरगा चालतो रे. मी तुला बसवलं ते आपल्या माणसाविरुद्धचा लेख आला की काय करतोस ते बघायला.

तेव्हा, एक तर तो लेख तिच्या समोर बसून वाच आणि पुढच्या अंकात छाप. नाहीतर ड्रॉवरची किल्ली काकांना दे आणि घरी ये. कॉलेज तयारच आहे.

माझा राग आणि लोभ दोन्ही पत्रासोबत पाठवतोय. हवा तो उचल.

तुझा,
मामा

१५ मार्च

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

राग उचलला. तो दोन दिवस पुरला, मग गेलो.

ती प्लास्टिक घातलेल्या कपाटांच्या मधोमध उभी होती. मी म्हटलं, तुमच्याविरुद्ध लेख आहे, वाचून दाखवायचा आहे. तिने स्टूल पुढे सरकवलं. मी वाचलं, कुजबुजतच. ‘बाईंना वाचकांची पर्वा नाही’ इथे आलो आणि वाक्य खरोखर घशात अडकलं. तुमच्याही घशात असंच अडकायचं का हो?

तिने सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, की हा लेख इतके दिवस होता कुठे?

मामा, कानटोपीवाल्या आजोबांना तिनेच पाठवलं होतं! नगरपालिकेने बांबू बांधले, कुलूप ठोकलं आणि त्यांची माणसं परत फिरकली नाहीत. तिने अर्जांवर अर्ज केले. वर्तमानपत्राशी बोलायची तिला नोकरीत बंदी. म्हणून कुरकुर करायला येईल त्याला ती आपल्या साप्ताहिकाचा पत्ता देत होती. दर अंकाचं पान तीन आधी उघडायची आणि तिला मिळालं काय, तर शब्दकोडं. तेही शिळं. तिची खात्री झाली होती की आमचे मुख्य संपादक नगरपालिकेने पाळलेले आहेत. सभासद-अर्जावर मी हुद्दा ऐटीत लिहिला होता, म्हणून मला पाहून हसत नव्हती. मी तिला वाचवत होतो आणि ती माझी लायकी काढत होती.

मला चिडायला तोंड नव्हतं. मग तिने लेख हातात घेतला. पर्वा नसल्याचं वाक्य खोटं, म्हणून गेलं. पण प्रमुख या नात्याने बाईंनी महिनाभर आधी आरडाओरडा करायला हवा होता, हे वाक्य मी खोडायला गेलो तर तिने माझा हात धरला. लेख वाचवण्यासाठी धरला, तरी धरलाच. म्हणाली, ते खरं आहे, राहू द्या.

तिथून नगरपालिकेच्या अभियंत्याकडे. त्यालाही वाचून दाखवला, आवाज खाली ठेवून. खालच्या आवाजाला माणसं जास्त घाबरतात, हे मला आत्ता कळलं. अंक छापायच्या आदल्या दिवशी छतावर गवंडी चढले. काकांनी विचारलं, आता छापायचा का? मी म्हटलं, छापायचा, आणि गवंडी चढल्याचंही छापायचं. अंक सोबत आहे. कोडं नवीन आहे, आईला आधी सांगून ठेवा.

आज पुस्तक परत करायला गेलो तर ती म्हणाली, की घोडा बरा झाला का. हसली की नाही ते नक्की सांगता येत नाही, मी जमिनीकडे बघत होतो.

किल्ली अजून माझ्याकडेच आहे. ड्रॉवर रिकामा आहे.

आपला,
तोफखाना

२२ मार्च

चि. तोफखान्यास,
अनेक आशीर्वाद. या खेपेला कानउघाडणी नाही.

तुझ्या बाबांनी अंक वाचला आणि परवाच केस कापून आले होते तरी तो काखेत मारून पुन्हा न्हाव्याकडे गेले. परत आले ते जवळजवळ टक्कल करून. तिथे बरीच मंडळी होती म्हणे, सगळ्यांना ऐकवावा लागला. कॉलेजचा विषय निघाला नाही. ताईला नवं कोडं सुटलं नाही, ती म्हणते साप्ताहिक बिघडलं.

माझं प्लास्टर निघालं. पुढच्या सोमवारी येतो. खुर्ची माझी मला दे, तू खिडकीजवळच्या टेबलावर बस. कायमचा.

एकच राहिलं. तू मला त्या मुलीबद्दल पानंच्या पानं लिहिलीस. डोळे काय, धूळ काय. हे सगळं तिच्या पाठीमागे चाललंय. आपल्या साप्ताहिकाची पद्धत तुला ठाऊक आहे. सोमवारच्या आत उरकून टाक.

येताना ताई तुझ्यासाठी स्वेटर देतेय. उन्हाळा आहे हे तिला मी सांगणार नाही.

तुझा,
चालता मामा

२८ मार्च

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

वाचलं. लिहून नेलं होतं, कारण तोंडी बोललो असतो तर एक तर भांडलो असतो, नाहीतर पळालो असतो. वाचनखोली उघडली आहे. कानटोपीवाले आजोबा समोरच पेपर धरून बसले होते आणि पूर्ण वेळ त्यांनी पान उलटलं नाही.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग पेन्सिल काढली. म्हणाली, की सुरुवात बरी आहे, मधे फार लांबलंय, डोळ्यांवरचा अख्खा परिच्छेद काढा, धुळीचं राहू द्या. आणि याला शेवटच नाही. शेवट करून रविवारी नदीकाठच्या बागेत घेऊन या, तिथे मोठ्याने वाचलं तरी चालेल.

खुर्ची पुसून ठेवली आहे. मागे रेलू नका.

मामा, असल्या लेखाचा शेवट कसा करतात हो? इतकी वर्षं संपादक आहात, तुम्हाला माहीत असेल. नाही, नको. सांगू नका. तिलाच विचारतो.

तुमचा, आणि रविवारी सुदैवाने आणखी कुणाचा तरी,
तोफखाना