नुसतं बघितलं तरी

३ फेब्रुवारी, सोमवार

बोलते मी, लिहितो मोबाईल. तारीखसुद्धा तोच टाकतो. मला अक्षर ओळखता येत नाही, त्याला माणूस ओळखता येत नाही — फिटंफाट! फोन स्वप्नालीचा जुना. माझी नात. तिनेच हे लावून दिलं. "आजी, हे फक्त तुझं. मी बघणार नाही, आईशप्पथ." म्हटलं, बघून मिळणार काय? गुडघा आणि सून.

५ फेब्रुवारी, बुधवार

स्वप्नाली घरूनच काम करते, स्वयंपाकघराच्या दाराशी टेबल टाकून. आज विचारलं, दिवसभर डोळे वटारून करतेस काय बाई? म्हणाली, प्रोग्राम चुकला की तो चालता चालता मध्येच थांबवायचा, आत डोकवायचं, कुठं बिघडलंय ते शोधायचं. त्यासाठी डीबगर लागतो. तो हिची कंपनी बनवते, आणि वापरणाऱ्यांच्या तक्रारी ही वाचते.

काय एकेक तक्रारी! 'इथं थांब म्हटलं, थांबलाच नाही.' 'एक पाऊल टाक म्हटलं, तर भलत्याच दारात शिरला.'

म्हटलं, अगं हा तर तुझा आजोबा! त्यांनाही घरी या म्हटलं की गुत्ता दिसायचा.

खूप हसली. मग म्हणाली, नोकरी अजून कच्ची. महिनाअखेरीस कायम करणार की घरी बसवणार, ते ठरायचंय.

६ फेब्रुवारी, गुरुवार

गुडघा. दुसरं काही नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

एकाने लिहिलंय — नाव डीबगर, म्हणजे चूक काढून टाकणारा, मग चूक सापडल्यावर दुरुस्त का करत नाही? स्वप्नाली वैतागली. मला नवल नाही वाटलं. उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात अठरा वर्षं चेकर होते मी. टाका चुकला तिथं लाल बाणाचा स्टिकर लावायचा. बस. सुईला हात लावायचा नाही. तरी शेठ विचारायचाच, "बाई, देखा तो ठीक क्यों नहीं किया?" म्हटलं, शेठ, एक्स-रेवाला हाड जोडतो काय?

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

स्वप्नालीचं साहेबाशी वाजलं. श्रीपाद त्याचं नाव, बदलापूरला राहतो. आवाज फोनमधूनही टोचतो.

झालं असं. एका गिऱ्हाइकाने प्रोग्राम थांबवून आतला एक आकडा नुसता बघितला. बघितला तर आकडाच बदलला! मग तो माणूस दोन दिवस नसलेली चूक शोधत बसला. स्वप्नाली म्हणते, बघितल्याने काही बदलता कामा नये, एवढी साधी अपेक्षा. साहेब म्हणतो, "ते तसंच आहे. लोकांनी शिकून घ्यावं. तुला अजून खूप कळायचंय."

पोरीचं तोंड उतरलं. म्हणून सांगितलं तिला. जीन्सची आतली शिवण साखळीसारखी असते. नेमकं टोक हाताला लागलं आणि ओढलं की सरसर सगळी उसवते. आमच्यातल्या एका चेकर बाईने एकदा टाका पक्का आहे का ते बघायला धागा ओढला. चांगली पँट मांडीपासून घोट्यापर्यंत उघडी!

"मग काय झालं?"

म्हटलं, दूध उतू जातंय, थांब.

१७ फेब्रुवारी, सोमवार

गॅसवर दूध नव्हतंच.

ती चेकर मी. पँट हातात उसवलेली आणि समोरून शेठ आला. मी काय केलं? बाण लावला. बाण लावला म्हणजे शिवणारीची चूक. कुणी विचारत नाही.

शिवणारी वेणू. शहाडची. रोज एका डब्यात जेवायचो आम्ही, माझ्यासाठी सोड्याची चटणी आणायची. म्हणाली, "भागीरथी, माझा टाका असा सुटत नाही. तुला तर माहितीये." मी स्टिकरच्या कागदाची घडी घालत बसले. केवढी महत्त्वाची घडी!

तिला त्याच दिवशी काढलं. दोन पोरं होती. मी पुढे अकरा वर्षं तिथंच बाण चिकटवले.

नवऱ्याला सांगितलं नाही. विहारात एवढ्या वेळा बसले, तिथंही नाही. सांगितलं कुणाला, तर या डबड्याला.

२४ फेब्रुवारी, सोमवार

स्वप्नालीने मीटिंगमध्ये धाग्याची गोष्ट सांगितली. साहेबाला म्हणे पटली. आता डीबगर बदलणार. वरच्यांना त्यानेच सांगितलं — "माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत, कारखान्यात होत्या." ओळखीच्या! माझा चहा तरी प्यायलाय का मेला?

पण पोरगी कायम होणार. आता तीच गोष्ट नीट लिहून हवीय त्यांना. गळ्यात हात टाकून म्हणाली, "आजी, ती पँट जिने शिवलेली, तिचं पुढे काय झालं?"

"आठवत नाही."

"लबाड! तुला माझ्या बारशाचे पाहुणे आठवतात."

आठवत नाही म्हणजे नाही, म्हटलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

गोष्ट लिहून पाठवली म्हणे. वाचून दाखव म्हटलं, तर नंतर म्हणाली.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

कायम झाल्याचं पत्र आलं. स्वप्नालीने पेढा माझ्या हातावर ठेवला. दरवेळी तोंडात कोंबते. दाराशी थांबली, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आजी, वेणू अजून शहाडलाच असेल का?"

ते नाव मी फक्त इथं घेतलं होतं.