निळी वॉटर स्कूटर आणि शेडचा अर्धा वाटा

मी, तळ्याकाठच्या शेडमध्ये उभा जन्म बोटींची इंजिनं उघडण्यात घालवलेला मेकॅनिक, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. फुप्फुसांनी हात टेकले असले तरी डोकं शाबूत आहे. डॉक्टरांनी तसं लेखी दिलं आहे. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. दडपण आणू शकेल अशी एकच व्यक्ती होती, माझी बायको, आणि ती माझ्याआधी गेली.

कलम १. शेडच्या वरच्या दोन्ही खोल्या आणि बँकेत जे काही उरेल ते माझ्या मुलीला. कपाटाचं दार जरा वर उचलून ओढायचं, नाहीतर ते निखळून पायावर येतं.

कलम २. हत्यारंही तिलाच. माझा मोठा पाना शेजारच्या वेल्डरने नेला तो नेलाच; विचारलं की "उद्या देतो" म्हणतो. पाना त्यालाच राहू दे, पण माझ्यामागे त्याने माझे गोडवे गाऊ नयेत.

कलम ३. ताडपत्रीखालची निळी वॉटर स्कूटर मुलीला. तिच्यावरून पडून माझा मुलगा गेला. त्यानंतर मी ताडपत्रीला हात लावलेला नाही. मागे एकदा मुलगी म्हणाली, "बाबा, दादाची स्कूटर मी पुन्हा चालू करणार." मी तिच्यावर खेकसलो होतो. आता परवानगी देतो, पण सुरुवात मी सांगतो तशीच करायची.

पोरी, इंजिन चालू करायची घाई नको. बॅटरी काढून टाक, ती मेलेलीच असणार. जुनं पेट्रोल उपसून टाक. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं तेल सोड, मुरू दे, मग इंजिन हाताने फिरव. फिरलं नाही तर शिव्या घाल, हातोडा घालू नकोस.

आणि या सगळ्याच्या आधी हँडलखालचं झाकण उघडून स्विचच्या तारा बघ.

का, ते लिहितो. त्या स्विचला एक दोरी असते, तिचं दुसरं टोक चालवणाऱ्याच्या मनगटाला. माणूस पडला की दोरी स्विचमधून निघते आणि इंजिन बंद पडतं. मुलगा सापडला तेव्हा दोरी त्याच्या मनगटालाच होती. स्कूटर मात्र बंद पडली नव्हती. ती गोल फिरून त्याच्या अंगावर आली.

गिऱ्हाइकं सारखी पडतात, दोरी हरवतात, मग तळ्याच्या मध्यावर जाऊन स्कूटर ओढून आणावी लागते. ही कटकट नको म्हणून भाड्याने देणारे काही जण स्विचच्या तारा परस्पर जोडून टाकतात, म्हणजे दोरी नसली तरी इंजिन चालूच राहतं. आमच्याकडे भाड्याचा धंदा माझा धाकटा भाऊ बघायचा. "अण्णा, स्विच गंजून अडकला असणार," एवढंच तो म्हणाला. मी झाकण उघडलं नाही. आई तेव्हा होती. तिचा नातू गेला होता. त्यात तिचा धाकटा मुलगाही मला तिच्यापासून हिरावून घ्यायचा नव्हता. पुढे आई गेली, पण तोंडाला लागलेलं कुलूप तसंच राहिलं. आम्ही एकाच टेबलावर जेवतो. मुलाची आठवण मला रोज येते, आणि भावाचीही येते, तो समोर बसलेला असताना.

कलम ४. शेडचा अर्धा भाग धाकट्या भावाला, उरलेला मुलीला. त्याचा धंदा तिथे, अंथरूणही तिथेच. दुसरं छप्पर त्याला नाही. मात्र वकीलबाई म्हणाल्या, ज्याला वाटा मिळायचा त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर त्याचा वाटा जातो. म्हणून दुसऱ्या साक्षीदाराची जागा रिकामी ठेवून हा कागद मी त्याच्यापुढे ठेवणार आहे. स्विच खरंच गंजला असेल तर त्याने सही न करता उठावं. साक्षीला मी डॉक्टरांच्या कंपाउंडरला बोलावीन. शेडचा अर्धा भाग भावाचा, आणि इतकी वर्षं संशय घेतला म्हणून मी त्याचे पाय धरीन. तारा त्याने जोडल्या असतील तर सही करावी. बोलायची गरज नाही. मग सगळी शेड मुलीची.

कलम ५. काहीही निघो, पोरी, स्विच नवा बसव. दोरी मनगटाला बांध, काठावरच क्षणभर इंजिन चालू कर आणि दोरी ओढ. इंजिन गप्प झालं पाहिजे. पुन्हा ओढून बघ. खात्री पटेपर्यंत पाण्यात उतरायचं नाही.

ठिकाण: शेडच्या वरची खोली
दिनांक: पाचव्या महिन्याचा शेवटचा सोमवार

लिहून देणार: मेकॅनिक (सही)

साक्षीदार १: आमचे नेहमीचे डॉक्टर (सही)

साक्षीदार २: धाकटा भाऊ (सही)
अण्णा, पोरगी झाकण उघडेल तेव्हा टॉर्च मी धरीन.