ईदनंतरचा अर्ज

माजिदाच्या अब्बांना सलाम,

हितं इंग्लंडात मी बरी हाय, पोटभर जेवते. माजिदाची वेणी कोण घालतं?

फोनवर तुमी म्हणालात, "होटगीच्या यास्मीननं नवऱ्याला नेलं, तुला आमी नकोसे झालो." तिनं व्हिसाचा अर्ज फेब्रुवारीत केला. मार्चात कायदा बदलला. आता म्हाताऱ्यांच्या सेवेला येणाऱ्या बाईला घरचं माणूस आणता येत न्हाय, पोटचं लेकरूसुद्धा.

मीबी फेब्रुवारीतच अर्ज करणार होते की! तुमीच अडवलं, "ईद होऊ दे, शीरखुर्मा कोण करणार?"

केला शीरखुर्मा. दोन वाट्या खाल्ल्यात तुमी. मग मला कसले टोमणे मारता?

माजिदाला खरं कारण तुमीच सांगा. मी सांगितलं तर ती तुमच्याशी बोलणं टाकील, आन् तितं तिला तुमच्याबिगर हाय कोण?

माजिदाची अम्मी,
हुस्ना