पडदा वर

४ मार्च
ऑपेरा हाऊसच्या पाटीचा मजकूर माझ्याच गळ्यात पडला. दप्तरखान्यात दुसरं कुणी रिकामं नाही म्हणे! साहेब म्हणाले, "तुमचे आजोबा तिथेच होते ना? मग तुम्हीच लिहा."
बांधलं १८७९ साली, जळलं १९३८ साली. आता तिथे गाड्या लावतात. जुन्या मजकुराची शेवटची ओळ — "रखवालदाराच्या निष्काळजीपणामुळे भस्मसात." तो रखवालदार म्हणजे माझे आजोबा. ती ओळ मला काढायची आहे. मुदत सोमवारपर्यंत.

५ मार्च
आत्याला सांगितलं. नव्वदी गाठली, पण कान शाबूत आणि जीभ त्याहून शाबूत. आज मात्र एवढंच विचारलं, "पडद्याचं काय लिहिणार आहेस?" मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

६ मार्च
चौकशीचे कागद मिळाले. रंगमंच आणि खुर्च्या यांच्यामध्ये एक लोखंडी पडदा होता. आग लागलीच तर रंगमंचावरच अडावी म्हणून. खेळ नसला की पडदा खाली, हे काम आजोबांचं. त्या दुपारी तो वर होता. तारेतून ठिणगी पडली, कापडी देखावे पेटले, धूर सरळ प्रेक्षागृहात. सगळ्यात वरच्या सज्जात खुर्च्यांच्या गाद्या शिवणारा एकजण होता. त्याला खाली येता आलं नाही.
आजोबांचा जबाब एका शब्दाचा — "विसरलो."
पुढे त्यांना कुठेच काम मिळालं नाही. म्हातारपणी घरभर दारं लावत फिरायचे. आम्ही पोरं हसायचो. आज त्याची लाज वाटली.

७ मार्च
काही नाही. धूळ आणि शिंका.

८ मार्च
रखवालदाराची वही सापडली! त्याची खोली रस्त्याच्या बाजूला, म्हणून वाचली. चौकशीत कुणी उघडलीही नसावी. एकोणीस वर्षं, रोज एक ओळ, आजोबांचं ठसठशीत अक्षर — "पडदा खाली." तापाने फणफणले होते त्या आठवड्यातसुद्धा. हा माणूस विसरेल?
शेवटचं पान उलटलं आणि तिथली ओळ तीनदा वाचली. "दुपारी दोन. पडदा वर."
म्हणजे विसरले नव्हते. जाणूनबुजून वर केला. यापेक्षा निष्काळजीपणा परवडला. घरी आल्यावर त्यांच्या फोटोकडे बघवेना.

१० मार्च
राहवलं नाही, वही आत्यापुढे ठेवली. तिने अक्षरावरून बोट फिरवलं. मग बोलली.
"नऊ वर्षांची होते मी. रोज दुपारी त्यांचा डबा घेऊन जायचे आणि रंगमंचावर गायचे, त्या लोखंडाकडे बघत. एकदा तरी समोर खुर्च्या दिसू देत, म्हणून हट्ट धरला. त्यांनी चाक फिरवून पडदा वर घेतला. गाणं झालं, मला फाटकापर्यंत सोडायला आले. मागे वळले तर धूर. मला कुणी काही विचारू नये म्हणून 'विसरलो' म्हणाले."
खूप रडले मी. ती नाही रडली.

११ मार्च
मजकूर द्यायला जाताना तिच्याकडे थांबले. म्हटलं, आजोबांवरची ओळ काढली, तुझाही उल्लेख नाही कुठे.
"माझं राहू दे गं. त्या गादीवाल्याचं लिही. माझं गाणं संपलं तेव्हा वरून टाळ्या वाजवल्या होत्या त्याने."