लिफाफ्यावरचं कुंकू

५ बहमन, १३५२ फसली
बेंबळीच्या दवाखान्याचं टेंडर बाद! भाव माझाच सगळ्यांत कमी, तरी. पेटीत टाकण्याआधी तुळजापूरला देवीच्या पायांशी ठेवलं होतं, पुजाऱ्यानं लिफाफ्यावर कुंकवाचं बोट ओढलं. कचेरीतले साहेब म्हणे, टेंडरवर खूण चालत नाही, कुणाचं ते ओळखू येतं. वर हसले. अस्सा संताप आला! हा गुत्ता, हातातलं एवढं एकच कंत्राट, गेला तर माझी पाथरवटांची टोळी फुटली म्हणून समजा, सगळे सोलापूरच्या गिरण्यांची वाट धरतील.

७ बहमन
चाँदसाहेबांकडं गेलो. म्हातारे, गुत्तेदारी कधीच सोडलेली. म्हणाले, "रोता कायकू? ऐसे झगडे पैले भी हुए. जुने फैसले काढ." फैसले सगळे उर्दूत, मला उर्दू सहीपुरतं. वाचायला तेच येणार.

९ बहमन
दिवसभर कचेरीच्या दप्तरखान्यात. दोन फैसले निघाले, दोन्ही बिनकामाचे. एकात सील तुटलेलं, एकात वेळ टळलेली. चाँदसाहेब शिंकून बेजार, पण उठेनात.

१० बहमन
सापडला! शाळेच्या इमारतीचा झगडा. लिफाफ्यावर ७८६ लिहिलेलं, म्हणून दुसऱ्या गुत्तेदाराची तक्रार. फैसला: देवाचं नाव म्हणजे खूण नव्हे, टेंडर कायम. मी उडालोच. चाँदसाहेबांनी मात्र कागद मिटला. म्हणाले, "टेंडर मेरा था. तक्रार तुझ्या अप्पाची."
म्हणजे अप्पा हरले तो हाच फैसला! वडील अजून त्याच्या नावानं बोटं मोडतात. आणि मी तोच न्याय म्हणून पुढं करायचा...

११ बहमन
अप्पांना न सांगता तक्रार देता आली असती. नाही जमलं. जेवताना सांगितलं. अप्पांनी भाकरी खाली ठेवली.
"कुंकवाला खूण म्हणत्यात व्हय?"
"व्हय, अप्पा."
"मग म्या तरी दुसरं काय म्हणलो हुतो?"
तसेच उठले. जीव तुटला माझा.

१२ बहमन
तक्रार दिली, फैसल्याची नक्कल जोडून. पाथरवटांना म्हणालो, थांबा जरा. थांबलेत.

१५ बहमन
आज सुनावणी. अप्पा फेटा बांधून आपणहून आले. साहेबांपुढं उभे राहून म्हणाले, "त्या वक्ती तक्रार माजी हुती, साहेब. चुकीची हुती. ७८६ खूण न्हवती, कुंकू बी न्हाय." साहेब त्यांच्याकडं बघतच राहिले. हसले नाहीत. निकाल नंतर देणार. देतील, असं वाटतंय.
बाहेर आलो तर अप्पा नि चाँदसाहेब दोघंच चहाला निघालेले. कागद सांभाळत मी मागं. मला कुणी बोलावलंच नाही.